शंभरात सत्तावन्न
रविवारी रामबागेत महिला मंडळात रक्तक्षयावर बोलायचंय, म्हणून आज दुपारभर सरकारच्या ओपन डेटा पोर्टलवर बसले होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची (२०१९-२१) जिल्हावार फाइल उतरवली, फिल्टर लावला, तेव्हा कुठे आपलं इंदूर सापडलं. काही आकडे कंसात होते. टिपा वाचल्यावर कळलं, ते जेमतेम २५ ते ४९ जणांवरून काढलेले. चांदणी असेल तिथे नमुना त्याहूनही लहान, म्हणून आकडाच नाही. टिपा आधी वाचाव्यात बरं का!

देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय. आधीच्या सर्वेक्षणात ५३.१ होता. वाढलाय! पोटात कालवलं.

पोळ्यांच्या ताईंना विचारलं, "हिमोग्लोबिन कधी तपासलंत?"

"धाकटीच्या वेळी. आता ती सहावीत आहे."

उद्या सकाळी दोघी जाऊन तपासून येणार आहोत.