मधल्या दिवशी उतरावं लागतं का?

गेल्या दोन-तीन वर्षांत मला आलेल्या फोनांपैकी निम्मे याच प्रश्नाचे असतील. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, आईवडील थंडीत तिकडे जाणार, आणि पोरांनी हौसेने फ्लोरिडाहून एकाच बोटीच्या लागोपाठ दोन सफरी काढून दिलेल्या. पहिले सात दिवस पूर्व कॅरिबियन, पुढचे सात पश्चिम, आणि मधे एक दिवस बोट परत फ्लोरिडाच्या बंदरात. मग कुणीतरी सांगतं, कुडाळचा अमका चौदा वर्षं बोटीवर होता, त्याला विचारा. गेल्या महिन्यात डोंबिवलीच्या मामीचा फोन आला. चाळीस वर्षं डोंबिवलीत काढली तरी घाबरली की ती मालवणीवर येते. "मधल्या दिसाक आमी खंय ऱ्हवाचा? सामान खंय ठेवचा?"

तुम्हीही विचारलंत म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकतो. मी बोटीवर कॅप्टन नव्हतो, केबिन स्टुअर्ड होतो. तुमची खोली झाडणारा, चादरी बदलणारा, संध्याकाळी टॉवेलचा हत्ती करून पलंगावर ठेवणारा. तेव्हा उत्तर त्या बाजूने येईल.

उतरावं लागतं, पण अर्ध्या-पाऊण तासासाठी आणि जवळजवळ रिकाम्या हाताने. निदान अमेरिकेच्या बंदरांत तरी. युरोपात, म्हणजे बार्सिलोना किंवा साउदॅम्प्टनला, बऱ्याचदा बोटीवरच बसून राहू देतात. अमेरिकेत मात्र 'झिरो' व्हावं लागतं. गँगवेवर, म्हणजे बोटीत चढ-उतार करायच्या पुलावर, तुमचं कार्ड मशीनला लावलं की टिंग वाजतं आणि आत किती पाहुणे उरले तो आकडा एकाने उतरतो. तीन हजारांवरून दोनशे, दोनशेवरून बारा. त्या बारांतला एक हमखास झोपलेला असतो आणि एक चुकीच्या मजल्यावर लिफ्टची वाट बघत असतो. त्यांची नावं स्पीकरवर पुकारतात. आकडा शून्यावर आला आणि इमिग्रेशन-कस्टम्सवाल्यांनी मान डोलावली की मगच नवे पाहुणे वर घेतात. जुने न् नवे मिसळले तर कोणाची तपासणी झाली आणि कोणाची राहिली हे कोण सांगणार? त्या शून्यासाठीच तुम्हाला, पुढची सफर त्याच बोटीवर असली तरी, खाली नेऊन आणावं लागतं.

आम्ही अशा पाहुण्यांना 'बॅक टू बॅक' म्हणायचो, कागदावर ते 'इन ट्रान्झिट'. आदल्या संध्याकाळी खोलीत एक चिठ्ठी येते: उद्या सकाळी अमुक वाजता अमुक लाउंजमध्ये जमा. सोबत एक इन ट्रान्झिटचं कार्ड. नवं की-कार्ड तेव्हाच देतात नाहीतर खाली उतरल्यावर. बाकीचे पाहुणे गेले की साडेनऊ-दहाच्या सुमारास तुमच्या घोळक्याला एकत्र उतरवतात. पासपोर्ट दाखवायचा, टर्मिनलमधल्या खुर्च्यांवर बसायचं, आणि झिरो झालं की सगळ्यांत आधी तुम्ही वर. गावात फिरायचं असेल तर सकाळीच निघून जा, कार्ड दाखवून दुपारी आरामात परत या. फक्त फळं घेऊन उतरू नका. बुफेतलं सफरचंद पिशवीत टाकून उतरणारी आपली माणसं मी भरपूर पाहिलीत, आणि त्या सफरचंदाचा वास काढणारी कुत्रीही.

आता सामान. दोन्ही सफरींना खोली एकच असेल तर काहीही आवरायचं नाही. म्हणून बुकिंग करतानाच तोच नंबर मिळतो का बघा, थोडे पैसे जास्त पडले तरी. खोली बदलत असेल तर कपाटातले कपडे हँगरवरच राहू द्या, बाकीचं बॅगेत भरा. आम्ही हँगरसकट उचलून दुसऱ्या खोलीत लावतो. पासपोर्ट, औषधं, दागिने मात्र स्वतःबरोबर. हे शेवटचं मी सहज म्हणत नाही. त्यामागे एक प्रकरण आहे, त्यासाठी तो दिवस आमच्या बाजूने कसा असतो ते सांगायला हवं.

लोकांना वाटतं, बोट बंदराला लागली, पाहुणे उतरले, म्हणजे नोकरांना सुट्टी. माझ्या बायकोलाही लग्नानंतर वर्षभर असंच वाटायचं.

आमची बोट दर रविवारी फोर्ट लॉडरडेलच्या पोर्ट एव्हरग्लेड्सला लागायची. टर्नअराउंड डे, म्हणजे जुने पाहुणे उतरून नवे चढायचा दिवस, शनिवारी रात्रीच सुरू होतो. पाहुणे रंगीत टॅग लावलेल्या बॅगा दाराबाहेर ठेवतात आणि आम्ही त्या लोखंडी पिंजऱ्यांत भरून खाली आय-९५ वर नेतो. आय-९५ म्हणजे बोटीच्या पोटात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा नोकरांचा रस्ता. अमेरिकेत मायामीपासून मेनपर्यंत जाणाऱ्या हायवेचं नाव त्याला कुणी दिलं ठाऊक नाही, पण बरोबर दिलं, कारण रहदारी तशीच. रविवारी पहाटे तिथे एकीकडून हजारो बॅगा बाहेर जातायत, दुसरीकडून फोर्कलिफ्टवर भाजी, दूध, अंडी आत येतायत, मधून घरी निघालेली पोरं आपल्या दोऱ्या बांधलेल्या सुटकेसी ओढतायत आणि नव्याने आलेली, विमानाने अवघडलेली पोरं भिंतीला चिकटून उभी आहेत. कुठून तरी कुणी ओरडतो, "यूएसपीएच!" आणि किचनवाल्यांचा चेहरा उतरतो. ती अमेरिकेची आरोग्य तपासणी. न सांगता येतात, शंभरापैकी गुण देतात, ८५ किंवा कमी म्हणजे नापास. दहावीचं टेन्शन याच्यापुढे काहीच नाही.

माझ्याकडे अठरा केबिन असायच्या. सकाळी आठला पाहुणे बाहेर पडायला लागतात आणि दुपारी एकला नवे दारात उभे. मधल्या पाच तासांत अठरा पलंग उपसायचे, अठरा बाथरूम, कुणाला डबल बेड, कुणाला दोन वेगळे, कुणाच्या पोरांसाठी छतातला बंक खाली ओढायचा, लाइफ जॅकेट मोजायची, तिजोऱ्या उघड्या आहेत का बघायच्या. मागे राहणाऱ्या वस्तूंत पहिला नंबर चार्जरचा. दुसरा, खोटं वाटेल, कवळीचा.

त्या गर्दीत 'बॅक टू बॅक'वाली खोली म्हणजे एक पलंग कमी उपसायचा. देवाची कृपाच. पण चूक होते ती तिथेच, कारण हात एका लयीत चाललेले असतात आणि ती खोली लय मोडते.

एक कॅनडाची आजी होती. दर हिवाळ्यात एकटी यायची आणि चार-चार सफरी लागोपाठ करायची, तीच बोट, तीच खोली. रविवारी सकाळी ती स्वतःच चादरी काढून सुबक घड्या घालून ठेवायची, मला मदत म्हणून. त्या घड्या आम्ही लगेच गाठोड्यात कोंबायचो, पण तिला कधी सांगितलं नाही. एका रविवारी माझ्या हाताखाली नवा पोरगा होता, तिसराच दिवस त्याचा. मी कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला. यादीत तिच्या नंबरापुढे 'इन ट्रान्झिट' लिहिलेलं होतं, पण त्याने आधी घड्या घातलेल्या चादरी पाहिल्या आणि समजला, गेली ही. त्याने खोली साफ केली. म्हणजे खरोखर साफ केली. कपडे पिशवीत घालून 'हरवले-सापडले'त पाठवले, आणि बाथरूममधल्या बाटल्या, गोळ्यांची डबी, सुयांवर अर्धवट विणलेला निळा मफलर, सगळं कचऱ्याच्या पिशवीत.

मला कळलं तेव्हा साडेदहा वाजले होते. मी चार मजले धावत खाली, कचऱ्याच्या खोलीत. तुम्हाला माहीत नसेल, बोटीवरचा कचरा हाताने वेगळा करतात: काच, डबे, प्लास्टिक, कागद, खरकटं. तिथे होंडुरासचा एक माणूस होता, वर्षानुवर्षं त्याच टेबलापाशी. मी काही बोलायच्या आत त्याने फळीवर बोट दाखवलं. गोळ्यांची डबी आणि मफलर तिथे नीट ठेवलेला. विणकाम कुणी टाकत नाही, म्हणाला, म्हणून काढून ठेवलं. मफलरातून एक सुई मात्र निसटली होती.

आजी वर आली तेव्हा मी खोलीतच उभा होतो, सगळं खरं सांगायला. गोळ्यांचं तिला काही वाटलं नाही. टाके सुटले म्हणून मात्र ती अर्धा तास माझ्याशी बोलली नाही.

तेव्हापासून ती आरशावर मोठ्या अक्षरात कागद चिकटवायची, 'मी इथेच आहे.' तुम्हीही चिकटवा. इंग्रजीत. आणि आदल्या रात्री स्टुअर्डला तोंडाने सांगा. यादी त्याच्याकडे असते, तरी सांगा. चादरी काढू नका.

बाकीचं पटापट. बिल दोन्ही सफरींचं वेगळं बनतं, पहिलं आदल्या रात्री बंद होतं. वायफाय आणि ड्रिंक पॅकेजही बहुतेकदा पहिल्या सफरीबरोबरच संपतं, चौदा दिवसांचं घेतलं असं समजून गाफील राहू नका. सकाळचा नाश्ता त्या दिवशी लवकर आटोपतात आणि दुपारचं जेवण बोट भरायला लागेपर्यंत मिळत नाही, तेव्हा मधुमेहवाल्यांनी खाऊनच उतरावं. आपत्कालीन सराव पुन्हा करायला सांगितला तर कुरकुर करू नका. इटलीच्या किनाऱ्यावर २०१२ साली 'कोस्टा कॉनकॉर्डिया' कलंडली तेव्हा काही तासांपूर्वीच चढलेल्या शेकडो लोकांचा सराव व्हायचा होता. म्हणून आता तो बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावा लागतो.

व्हिसाचं मी वकील नाही, पण दोन गोष्टी डोळ्यांनी पाहिल्यात. भूमध्य समुद्रात लागोपाठ सफरी करणार असाल आणि मध्ये तुर्कस्तानचं बंदर असेल, तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) अनेक प्रवेशांचा हवा, कारण तुर्कस्तानला गेलात म्हणजे बाहेर पडलात. आणि अमेरिकेत मुलाकडे सहा महिन्यांसाठी आला असाल, तर कॅरिबियन फिरून परत उतरल्यावर सहा महिने नव्याने सुरू होतील या भरवशावर परतीचं तिकीट पुढे ढकलू नका.

आणखी एक गंमत. सगळ्याच दोन सफरी जोडता येत नाहीत. अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या बोटीने अमेरिकेच्या एका बंदरातून चढवलेला प्रवासी दूरच्या परदेशी बंदराला न नेता दुसऱ्या अमेरिकी बंदरात उतरवायचा नाही. अलास्कात व्हिटियरला चढून व्हँकुव्हरपर्यंत एक सफर आणि तिथून लॉस एंजेलिसपर्यंत त्याच बोटीची दुसरी, अशा वेगवेगळ्या घेतल्या तर दोन्ही कायदेशीर. जोडल्या की बेकायदा, कारण कॅनडा त्यांच्या हिशेबात 'दूर' नाही. प्रवाशामागे दंड बसतो. पूर्व-पश्चिम कॅरिबियन करून पुन्हा त्याच बंदरात परतणाऱ्यांना ही भानगड नाही, तेव्हा मामीला मी हे सांगितलंच नाही.

मामीचा शेवटचा प्रश्न वेगळा होता. "त्या पोराक काय देवचा? आणि कधी?"

टीप बहुतेक बोटींवर रोजच्या हिशेबाने आपोआप खात्याला लागते. वर काही द्यायचं असेल तर चौदाव्या दिवसाची वाट बघू नका, पहिली सफर संपताना, शनिवारी रात्री द्या. रविवारी तासभर मोकळा मिळाला की आम्ही बंदरातल्या सीफेअरर्स हाउसमध्ये, म्हणजे बोटीवरच्या नोकरांसाठीच्या केंद्रात, पळायचो, घरी पैसे पाठवायला आणि फोन करायला. तेव्हा खिशातले डॉलर कामाला यायचे. आणि दुसरं म्हणजे, पुढच्या आठवड्यात तोच पोरगा असेल याची खात्री नाही. आमची कॉन्ट्रॅक्टं रविवारीच संपतात.

माझं शेवटचं कॉन्ट्रॅक्ट संपलं त्या रविवारी कॅनडाची आजी बोटीवरच होती, दुसरी सफर संपून तिसरी सुरू व्हायची होती. आदल्या रात्री सांगायचं राहून गेलं, किंवा मी राहू दिलं. सकाळी नव्या पोराला खोल्या दाखवल्या. त्या वेळी सगळी दारं उघडी टाकलेली असतात, त्यामुळे बाल्कन्यांमधून ऊन थेट कॉरिडॉरच्या गालिच्यावर येतं. एरवी आठवडाभर तिथे ऊन नसतं. आजीच्या खोलीपाशी आलो तेव्हा आरशावर कागद होता आणि खाली चादरींच्या घड्या. पोरगा पुढे झाला, मी त्याला थांबवलं आणि म्हटलं, या घड्या तिच्यासमोर मोडू नकोस.

मग सुटकेस घेऊन उतरलो. टर्मिनलमध्ये इन ट्रान्झिटचा घोळका बसला होता, आजी पहिल्या रांगेत, विणत. मी जीन्समध्ये होतो. तिने एकदा वर पाहिलं, ओळखलं नाही, आणि पुन्हा टाके मोजू लागली.