वजनाची वही

खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी नववीची वर्गशिक्षिका आहे. दर जूनमध्ये मुलांची उंची आणि वजन वहीत नोंदवताना मी आकडे मोठ्याने वाचत असे, आणि त्यात काही गैर आहे असे मला कधी वाटले नव्हते.

दिवाळीनंतर माझ्या वर्गातील एक मुलगी अक्षर दासोहच्या, म्हणजे कर्नाटक सरकारच्या शालेय मध्यान्ह भोजनाच्या, पंगतीत बसेनाशी झाली. सोमवार, गुरुवार, संकष्टी अशी कारणे ती देई, आणि आमच्याकडे उपवास करणाऱ्या मुलीचे कौतुकच होत असल्यामुळे मी ती मान्य केली. पुढे प्रार्थनेच्या वेळी तिला दोनदा चक्कर आली. दुपारच्या उन्हातही ती स्वेटर काढेना. आणि स्वतः काही न खाता इतर मुलींच्या डब्यात काय आहे याची मात्र ती बारकाईने चौकशी करू लागली.

"किती वाळलीस, चार घास खा," असे मी तिला सर्वांसमोर म्हणाले. त्यानंतर ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. शेवटी मी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनच सल्ला विचारला. निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे, तिच्या शरीराविषयी कौतुकानेही बोलू नये, आणि आपण जे पाहिले तेवढेच एकांतात सांगावे, असे मला तेथे सांगण्यात आले. त्याप्रमाणे ग्रंथालयात मी फक्त म्हणाले, "तुला दोनदा चक्कर आली, मला काळजी वाटते." बऱ्याच वेळाने उत्तर आले, "टीचर, जूनमध्ये तुम्ही माझं वजन वाचलं तेव्हा सगळी हसली." ही गोष्ट कोणाला सांगू नका, अशी तिने विनवणी केली. ते वचन मी दिले नाही. आईला सांगावेच लागेल, पण तुझ्यासमोर सांगेन, असे म्हणाले.

"देवाचं लई हाय बघा तिला," असे आई अभिमानाने सांगत होत्या. त्यांना पटण्यास तीन भेटी लागल्या. बेळगावच्या सरकारी रुग्णालयात आधी रक्ताची आणि हृदयाची तपासणी झाली, मग मानसोपचार विभागात उपचार सुरू झाले. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपेट जेवू घातल्यास रक्तातील फॉस्फेट धोकादायकरीत्या घसरू शकते, हे डॉक्टरांनी बजावले नसते तर आम्ही सर्वांनी मायेपोटी तेच केले असते. डब्यांच्या चौकशीचा अर्थही मला तेव्हा उमगला. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना अर्धपोटी ठेवून केलेल्या प्रयोगात त्यांच्याही मनाला अन्नाखेरीज दुसरा विषय उरला नव्हता.

आता आमच्या शाळेत वजन पडद्याआड, एकेकट्याचे घेतले जाते आणि आकडा कोणी उच्चारत नाही. डॉक्टर सांगेपर्यंत तिला खेळाच्या तासाला धावण्यातून सूट आहे. पंगतीत ती माझ्याशेजारी बसते. ताटाकडे न पाहता मी तिच्याशी इतर विषयांवर बोलते. दर दुसऱ्या मंगळवारी ती आईबरोबर बसने बेळगावला जाते, आणि त्या दिवशीचा बुडालेला अभ्यास मी बुधवारी सकाळीच देते, म्हणजे जेवणाची सुट्टी तिला मोकळी राहते.