मंडळीसाठी बाहेरचा माणूस

छोट्या मंडळीत, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, स्पष्ट बोलणं फार अवघड असतं. उपदेश लांबतो हे पाळकसाहेबांना सांगायचं कुणी, तर त्यांची मुलगी आपल्याच मावसभावाला दिलेली. हिशेब उशिरा का मांडला जातो हे खजिनदारांना विचारायचं कुणी, तर त्यांनीच आपल्याकडून शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गात, बायबलची वचनं पाठ करून घेतलेली. आमच्याकडे साठेक कुटुंबं आहेत आणि त्यांतली निम्मी तरी एकमेकांची सोयरी. म्हणूनच बाहेरचा सल्लागार नेमावा हा विषय कमिटीत निघाला, तेव्हा सचिव या नात्याने मी तो लावून धरला. हल्ली दुसऱ्या मंडळ्यांतली माणसं फोन करून विचारतात की काय केलंत, किती खर्च आला. सगळ्यांसाठी एकदाच लिहिते.

आमची मंडळी पिंपरीची. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ साली स्थापन झाली, पुढे टेल्को आणि बजाज आली, आणि नेवासा, राहुरी, शेवगाव भागातली ख्रिस्ती कुटुंबं नोकरीसाठी इकडे आली. माझे वडील त्यांतलेच. सुरुवातीला क्वार्टरमध्येच सतरंजी अंथरून उपासना व्हायची. पेटी आणि टाळ एवढंच साहित्य, आणि नारायण वामन टिळकांची पदं सगळ्यांना तोंडपाठ. नंतर वर्गणी काढून जागा घेतली, ट्रस्ट नोंदवला, प्रार्थनामंदिर उभं राहिलं.

ती पिढी आता निवृत्त झाली. काहीजण प्रभूकडे गेले, काही गावी परतले. मुलं हिंजवडीला नोकरी करतात आणि मोशी, रावेत, चिखलीला फ्लॅट घेऊन राहतात. नाताळला मांडव अपुरा पडतो, पण पावसाळ्यातल्या रविवारी पंख्याखालचे बाकसुद्धा भरत नाहीत. १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्यांना निदान बिशप असतात, धर्मप्रांत असतो, पाळकांच्या बदल्या होतात. आमच्यासारख्या स्वतंत्र मंडळीत वरून कुणी येऊन विचारत नाही.

विरोध झालाच. आमच्या सर्वांत ज्येष्ठ आजी सभेत उभ्या राहून म्हणाल्या, "पवित्र आत्मा असताना पैसे देऊन माणूस कशाला आणायचा?" हा प्रश्न मनापासून आलेला होता आणि त्याला वचनातूनच उत्तर द्यायला हवं होतं. मी बायबलमधल्या निर्गमाचा १८ वा अध्याय वाचून दाखवला. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसलेला आहे आणि लोक रांगेत उभे आहेत. त्याचा सासरा इथ्रो, मिद्यानी याजक, म्हणजे इस्राएलाबाहेरचा माणूस, एक दिवस नुसतं पाहतो आणि सांगतो की तू करतोस हे बरं नाही, तूही थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. मोशे ऐकतो. आणि अध्यायाच्या शेवटी इथ्रो आपल्या देशी परत जातो. तो मुक्कामाला राहिला नाही, हे मला त्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आजींनी मान्यता दिली, पण एक अट घातली: रविवारच्या दानार्पणाला हात लावायचा नाही. मग वेगळी वर्गणी काढली. कापणीच्या सणाच्या लिलावात जेवढे जमतात, साधारण तेवढ्यात सगळं भागलं.

माणूस निवडताना मी सगळ्यांना एकच सांगेन, सभासदसंख्येचं आश्वासन देणाऱ्याला दारातूनच निरोप द्या. आमच्याकडे एकाने दोन वर्षांत दुप्पट उपस्थिती करून देतो अशी फाइल पाठवली होती. आम्ही निवडले ते नाशिककडचे, पाळक घडवणाऱ्या सेमिनरीतले एक निवृत्त शिक्षक, वेगळ्या पंथाचे, आमच्यात कुणाचेही नातेवाईक नसलेले. सगळं लेखी ठरवलं. मुदत चार महिने. ते आमच्याकडे उपदेश करणार नाहीत, पाळकसाहेबांना ठेवावं की नाही यावर मत देणार नाहीत, अहवाल आधी पाळकसाहेबांना दाखवतील आणि मग पूर्ण मंडळीसमोर वाचतील, एकट्या कमिटीसमोर नाही. शेवटची अट त्यांचीच होती.

पहिले काही रविवार सर मागच्या बाकावर बसून राहिले. मग त्यांनी बाप्तिस्म्याचं रजिस्टर मागितलं. गेल्या वीस वर्षांत इथे बाप्तिस्मा झालेल्या मुलांची नावं काढायला लावली आणि एकेका नावापुढे विचारत गेले, हा कुठे आहे, ही कुठे आहे. बहुतेकांचं उत्तर आम्हाला माहीत होतं, कारण लग्नाबारशाला भेट होतेच. मग त्यांनी विचारलं, "मंडळीतर्फे यांना शेवटचं कोण भेटलं?" खोलीत कुणी बोललं नाही.

त्याच टेबलावर त्यांनी पिंपरी-चिंचवडचा मोठा नकाशा पसरला आणि स्टेशनरीच्या दुकानातले गोल लाल स्टिकर आमच्या हातात दिले. ज्याने त्याने आपलं घर शोधून स्टिकर लावायचा. महिला मंडळाच्या मावश्या चष्मे लावून वाकल्या, गल्ल्यांवरून भांडल्या, एकीने नातवाला फोन करून सोसायटीचं नाव विचारलं. तासाभराने पाहिलं तर मंदिराभोवती तुरळक ठिपके होते आणि मोशी-चिखलीकडे, रावेत-वाकडकडे आणि तळेगावच्या बाजूला लाल पुंजके दिसत होते. इतकी वर्षं आम्ही म्हणत होतो की तरुणांना देवाची ओढ राहिली नाही. नकाशा सांगत होता की दोन लहान मुलांना घेऊन, दोन बस बदलून साडेआठच्या उपासनेला पोचणं त्यांना जमत नाही. आता या तिन्ही भागांत दर गुरुवारी घरोघरी प्रार्थनासभा होते. प्रत्येक ठिकाणी एक जोडपं जबाबदार आहे. आजारी कोण, परीक्षा कुणाची, नोकरी कुणाची गेली, हे आधी त्यांना कळतं आणि मग पाळकसाहेबांना. क्वार्टरमध्ये आमच्या वडीलमंडळींनी हेच केलं होतं.

पाळकसाहेबांना ही सगळी आपली तपासणी वाटत होती, आणि तसं वाटणं साहजिक होतं. सरांनी त्यांना एका आठवड्याची कामं वहीत लिहायला सांगितली. ती वही मी पाहिली आहे. पाण्याची मोटर दुरुस्त करून आणली. खुर्च्यांचं भाडं दिलं. गाण्याच्या झेरॉक्स काढल्या. चावी द्यायला गेलो. वीजबिल भरलं. वायसीएम रुग्णालयात दोघांना भेटलो. लग्नाचा दाखला लिहिला. पुन्हा मोटर. उपदेशाची तयारी शनिवारी रात्री अकरानंतर. ती वही मंडळीपुढे वाचली गेली तेव्हा ज्यांची तक्रार सर्वांत मोठी होती, त्या काकांनी स्वतः उठून चावी आणि मोटरीची जबाबदारी घेतली. उपदेश अजूनही लांबतो, पण आता तो तयारीने केलेला असतो.

एक विषय सरांनी स्पष्टपणे बाजूला ठेवला. ट्रस्टच्या नोंदीवर दोन दिवंगत विश्वस्तांची नावं अजून होती. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो दिला नव्हता आणि त्यामुळे बँकेतल्या सह्यांचं काम अडलं होतं. "हे वकिलाचं काम आहे, माझं नाही, पण आधी हे करा," असं ते म्हणाले. आम्ही केलं. कागदपत्रं स्वच्छ नसलेल्या मंडळीत पुढे मालमत्तेवरून काय काय होतं, ते महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला वेगळं सांगायला नको.

मुदत संपल्यावर तरुण संघाने त्यांना आणखी वर्षभर थांबायची विनंती केली. त्यांनी नकार दिला.

दुसऱ्या, इंग्रजी उपासनेचा प्रश्न मात्र अजून खुला आहे. आमची मुलं इंग्रजी शाळांत शिकतात, त्यांना "उद्धरण" आणि "प्रायश्चित्त" उमगत नाही, म्हणून दहा वाजता वेगळी इंग्रजी उपासना सुरू करावी असं बऱ्याच जणांना वाटतं. सरांनी दोन्ही बाजू मांडल्या आणि निर्णय आमच्यावर सोडला. जानेवारीच्या वार्षिक सभेत मतदान आहे. माझं मत मी इथेच सांगून ठेवते: शब्बाथशाळा दोन्ही भाषांत घ्या, वेळ साडेआठऐवजी साडेनऊ करा, गिटार आणि पेटी एकत्र वाजू द्या, पण आजी आणि नातवंडं यांची उपासना वेगळी करू नका. साठ कुटुंबांचे दोन भाग केले, तर दोन्हीकडे बाक रिकामेच राहतील.