सी ड्राइव्हचा हिशेब

स्वतः भाग निवडून घरी संगणक जुळवणाऱ्याला कोरी डिस्क पाहण्याचे भाग्य लाभते. तयार घेतलेल्या संगणकात कोणी ना कोणी काहीतरी आधीच भरून ठेवलेले असते. येथे मात्र पाटी स्वच्छ असते आणि म्हणूनच ऑपरेटिंग सिस्टिम नेमकी किती जागा घेते, हा प्रश्न पडतो. प्रश्न बाळबोध दिसतो खरा, परंतु ज्याला विचारावे तो वेगळा आकडा सांगतो, आणि गंमत अशी की त्यांपैकी कोणीही खोटे बोलत नसतो.

वादाला सुरुवात सिस्टिम बसवण्यापूर्वीच होते. खोक्यावर ५१२ जीबी छापलेली एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, विंडोजमध्ये सुमारे ४७६ जीबी दिसते, आणि या तफावतीचे खापर डिस्क बनवणाऱ्यांच्या माथी फोडण्याची प्रथाच पडली आहे. माझ्या मते तो अन्याय आहे. उत्पादक एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात. विंडोज मात्र १०२४ ला १०२४ ने दोनदा गुणून येणारे १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइट धरते. या मोठ्या एककाला १९९८ सालीच जिबिबाइट हे स्वतंत्र नाव मिळाले, आणि ॲपलने २००९ च्या स्नो लेपर्डपासून सरळ दशमान गणती स्वीकारली. विंडोज अजूनही मोजते जिबिबाइटमध्ये आणि लिहिते जीबी. डिस्कवरचा एकही बाइट हरवलेला नसतो.

त्यानंतर येतो तो कागदोपत्री मागणीचा आकडा. विंडोज एक्सपीने २००१ मध्ये दीड जीबी मागितले होते. विंडोज ११ ला ६४ जीबींची डिस्क लागते. याचा अर्थ ती ६४ जीबी व्यापते असा नव्हे. विंडोज ज्यावरून बसवतात त्या पेनड्राइव्हवर पाच-सहा जीबींत मावणाऱ्या फाइली दाबून बसवलेल्या असतात, होम आणि प्रो अशा आवृत्त्यांना समान असलेली फाइल त्यांत एकदाच ठेवलेली असते. डिस्कवर उलगडल्यावर त्या साधारण वीस-पंचवीस जीबी होतात. उरलेली मागणी पुढच्या अपडेटांना हातपाय पसरता यावेत म्हणून असते. २०१९ पासून नव्याने बसवलेली विंडोज त्यासाठी सुमारे सात जीबी स्वतःच राखून ठेवू लागली.

खरी मौज पुढे आहे. माझ्या भाच्याने आणि त्याच्या मित्राने एकाच पेनड्राइव्हवरून आपापल्या संगणकांत विंडोज बसवली, तरी भाच्याच्या सी ड्राइव्हवर कितीतरी अधिक जागा भरलेली दिसत होती. ‘‘मामा, माझीच विंडोज एवढी जाड कशी?’’ असे त्याने काळजीने विचारले. कारण डिस्कमध्ये नव्हते, रॅममध्ये, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या स्मृतीत होते. हायबरनेट करताना, म्हणजे चालू काम जसेच्या तसे जपून संगणक बंद करताना, रॅममधला मजकूर जिच्यात उतरवायचा, ती फाइल विंडोज आधीपासूनच तयार ठेवते आणि तिचा आकार सर्वसाधारणपणे रॅमच्या ४० टक्के असतो. मित्राच्या आठ जीबी रॅमला तीन जीबींवर थोडे लागले. भाच्याने हौसेने घातलेल्या बत्तीस जीबींना जवळजवळ तेरा. रॅम अपुरी पडल्यास वापरायची पेजफाइल आणखी वेगळी, आणि तिचा आकारही त्या त्या संगणकाची रॅम आणि वापर पाहून ठरतो. या दोन्ही फाइली लपलेल्या असल्यामुळे समोर दिसणाऱ्या फोल्डरांची बेरीज केली, तरी हिशेब जुळत नाही.

उलट, विंडोज आपले घटक ज्यात साठवते त्या विन-एसएक्स-एस या फोल्डरने व्यापलेली जागा आहे त्यापेक्षा जास्त दिसते. त्यातल्या बऱ्याच फाइली हार्ड लिंकने विंडोजच्या इतर फोल्डरांतही नांदत असतात. डिस्कवर प्रत एकच, वाटा मात्र दोन. एकाच बाईची माहेरच्या आणि सासरच्या नावाने दोनदा शिरगणती व्हावी, तशी फाइल एक्स्प्लोरर त्या दोन्हीकडे धरतो. तो फुगीर आकडा पाहून फोल्डर हाताने पुसायला निघणारे उत्साही लोक कमी नाहीत. त्यांना हात जोडून सांगावेसे वाटते की, सफाई विंडोजच्या डिस्क क्लीनअपवर सोपवावी. मोठ्या अपग्रेडनंतर उरणारे विंडोज-डॉट-ओल्ड हे फोल्डर तर साधारण दहा दिवसांनी आपोआपच जाते.

लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळल्याने या कोड्यातून सुटका होते असेही नाही. लिनक्सच्याच उबुंटू या प्रकाराची डेस्कटॉप आवृत्ती २५ जीबी जागा असावी असे सुचवते. शिवाय लिनक्सच्या ईएक्सटी-४ या फाइल-मांडणीच्या पद्धतीने आखलेल्या पार्टिशनमधला, म्हणजे डिस्कच्या विभागातला, पाच टक्के भाग मूळ रीतीप्रमाणे रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्यासाठी राखीव राहतो. सामान्य वापरकर्त्यासाठी डिस्क भरली, तरी सिस्टिमची कामे अडू नयेत, हा त्यामागचा हेतू. सिस्टिम ज्यावर बसवलेली असते त्या पार्टिशनपुरती ही दूरदृष्टी मला पटते, परंतु ५०० जीबींच्या निव्वळ छायाचित्रांच्या पार्टिशनवर २५ जीबी अडवून ठेवणे हा उधळेपणा आहे, आणि तेथे ते प्रमाण बेलाशक कमी करावे.

भाच्याचा संगणक टेबलावरच उभा असतो आणि रात्री बंद होतो, म्हणून त्याने हायबरनेशन बंद केले आणि ते जवळपास तेरा जीबी परत मिळवले. त्याबरोबर संगणक लवकर सुरू करणारी फास्ट स्टार्टअपची सोयही जाते, हे मी त्याला सांगितले होते. एसएसडी असताना दोन-चार सेकंदांनी काय बिघडते, असे म्हणून त्याने लगेच एक खेळ उतरवायला लावला, आणि तो एकटा खेळ त्याच्या अख्ख्या विंडोजच्या तिपटीहून मोठा होता.