दोन डोळ्यांची काडी

१२ ऑक्टोबर, रविवार. रात्रीचे पावणेअकरा.

आज दिवसभर सावळजला. कलमं भरायची टोळी पावसामुळं दोनदा हुकली होती, ती एकदाची आली. पायाचा चिखल अजून नीट गेलेला नाही, अंग मोडून आलंय, पण म्हातारपण थांबवता येईल का, हा एक किडा डोक्यात शिरलाय. लिहून काढल्याशिवाय निघायचा नाही.

वरच्या तुकड्यातली १८ वर्षांची द्राक्षबाग आम्ही उन्हाळ्यात काढली. खोडकिड्यानं खोडं आतून पोखरलेली, ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, काड्या विरळ. औषधं आणि मजुरी तेवढीच, माल निम्मा. हिशेब मीच वहीत मांडून दाखवला. विमा एजंटाला दुसरं काय येतं? वडील, म्हणजे आण्णा, नुसतं "बरं" म्हणाले आणि जेसीबी आला त्या दिवशी रानाकडं फिरकलेच नाहीत. अट एकच घातली होती, बांधाकडची एक ओळ ठेवायची. काडीसाठी.

आज त्या ओळीतल्या काड्या त्यांनी स्वतः निवडल्या. पेन्सिलीएवढी जाड, पक्की तपकिरी, दोन डोळ्यांची, म्हणजे कोंब फुटतात अशा दोन जागांची, काडी. टोळीतल्या पोरानं ती खालून पाचरीसारखी तासली, डॉगरिज जातीच्या खुंटाला, म्हणजे मुळं धरलेल्या खालच्या रोपाला, उभी चीर दिली, काडी आत सरकवली, सालीला साल भिडली का बघितलं आणि वरून प्लास्टिकची पट्टी गच्च गुंडाळली. मिनिटभराचं काम. म्हातारी झाली म्हणून जी बाग उपटली, तिचीच ही काडी. पण माल येईल तेव्हा गावात कुणी हिला वीस वर्षांची बाग म्हणणार नाही. नवी बागच म्हणतील. आणि ती नवीच असेल.

हे मी लहानपणापासून बघतोय, पण आज तिथंच उभा राहिलो. कारण काल रात्रीचा फोन. धाकटी मुलगी पुण्यात बायोटेक करते. कुणी एक अमेरिकी श्रीमंत म्हातारं न होण्यासाठी वर्षाला लाखो डॉलर उडवतो, त्याचा व्हिडिओ तिनं पाठवला होता. मी म्हटलं, पैसेवाल्यांचे चोचले. ती चिडली आणि पाऊण तास माझी शिकवणी घेतली.

१९६१ साली लेनर्ड हेफ्लिक यांनी दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी बशीत वाढवल्या तर सुमारे ५० वेळा दुभागतात आणि मग थांबतात. दोराचं टोक उसवू नये म्हणून आपण गाठ मारतो, तशी गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर असतात, ती दर खेपेला थोडी झिजतात. ती पुन्हा लांब करणारं एन्झाइमही सापडलंय, त्या कामाला २००९ चं नोबेल मिळालं. मग द्या की सगळ्यांना, मी म्हटलं. "बाबा, कॅन्सरच्या बहुतेक पेशी नेमकं तेच एन्झाइम चालू करतात." म्हणजे थांबायचं विसरलेली पेशी ती कॅन्सरची. मी गप्प.

माझा स्वतःचा आक्षेप वेगळा होता आणि तो मी धंद्यातून शिकलोय. १८२५ साली लंडनच्या बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी, म्हणजे विम्याचं गणित करणाऱ्या आमच्याच पंगतीतल्या माणसानं, मांडलं की वय वाढेल तशी मरणाची शक्यता ठरावीक वर्षांनी दुप्पट होत जाते. आजच्या कोष्टकात ही ठरावीक वर्षं साधारण आठ. पस्तिशीत "नंतर बघू" म्हणून गेलेलं गिऱ्हाईक त्रेचाळिशीत परत येतं आणि हप्ता ऐकून माझ्यावरच डाफरतं.

लोक म्हणतात विज्ञानानं आयुष्य वाढवलं. वाढवलंच. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशाचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं, आता ७० च्या. पण आमच्या आजीला नऊ झाली आणि जगली पाच, सरासरी खाली ओढली होती ती त्या चौघांनी. वाचलेली माणसं तेव्हाही काठी टेकत ऐंशी गाठायची. पाळण्यातली मरणं थांबली, म्हातारपणाचा वेग होता तसाच राहिला. फ्रान्सची झान काल्माँ १९९७ साली १२२ व्या वर्षी गेली. तो आकडा अजून कुणी ओलांडलेला नाही.

वेग कमी होईल का, यावर धाकटीकडं मात्र ऐकण्यासारखं होतं. १९६४ साली ईस्टर बेटावरून गोळा केलेल्या मातीतल्या जिवाणूपासून रॅपामायसिन मिळालं. ते वेगळं काढणाऱ्यांत सुरेन सेहगल हे मूळचे आपल्याकडचे शास्त्रज्ञ. त्यांच्या कंपनीनं काम गुंडाळलं तेव्हा त्यांनी ते घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवलं. हे औषध पेशीला दुष्काळ पडल्यासारखं भासवतं, मग ती वाढ थांबवून डागडुजीला लागते. आटपाडीकडं डाळिंबाला पाणी तोडून ताण देतात त्यातलाच प्रकार. २००९ मध्ये ते ६०० दिवसांच्या, म्हणजे आपल्या साठीतल्या, उंदरांना दिलं तर माद्यांचं आयुष्य १४ टक्के आणि नरांचं ९ टक्के वाढलं. साठीनंतर सुरू करूनही! पण हेच औषध किडनी बदललेल्या माणसांना देतात, शरीरानं परकी किडनी झिडकारू नये म्हणून. प्रतिकारशक्ती दाबतं ते. थोडक्यात, कलम धरावं म्हणून देतात. हे आज रानात सुचलं आणि एकटाच हसलो.

दुपारी बांधावर भाकरी खाताना आण्णांना गंमत म्हणून सांगितलं, तुमच्या शुगरच्या गोळीत जे मेटफॉर्मिन आहे, त्यानं म्हातारपण लांबतंय का हे शास्त्रज्ञ तपासणार आहेत.

"मी बारा वरसं खातूय की ती."

"मग? काय फरक?"

आण्णा घास चावत राहिले. मग म्हणाले, "न खाता किती म्हातारा झालो असतो ते कसं कळायचं? एका वळीला सोडायचं, दुसऱ्या वळीला न्हाई, तवा समजतंय."

चौथी शिकलेला माणूस. आणि अमेरिकेत नीर बार्झिलाय यांनी आखलेली चाचणी अगदी हीच आहे. ६५ ते ७९ वयाची सुमारे ३,००० माणसं, काहींना गोळी आणि काहींना तशीच दिसणारी रिकामी गोळी. बरीच वर्षं ती कागदावरच आहे, कारण पैसा उभा राहत नाही. गोळी जुनी, स्वस्त आणि पेटंट नसलेली, मग त्यात पैसे कोण घालणार? हे ऐकून आण्णा म्हणाले, "शेणखताची जाहिरात कुणी करतंय व्हय?" मी जास्त काही बोललो नाही.

माझं म्हणाल तर, थोडा वेग कमी होईल यावर मी आता विश्वास ठेवायला लागलोय. थांबेल यावर नाही. आणि ते या काडीमुळंच.

धाकटीनं सांगितलेलं जपानी शास्त्रज्ञ यामानाका यांचं काम मला रात्री नीट समजलं नव्हतं, आज खुंटाजवळ उभं राहिल्यावर समजलं. २००६ साली त्यांनी क्योटोमध्ये फक्त चार जनुकांच्या जोरावर उंदराच्या साध्या पेशी पुन्हा गर्भातल्यासारख्या कोऱ्या केल्या. २०१२ चं नोबेल त्यांना आणि जॉन गर्डन यांना मिळून मिळालं. वय पुसलं गेलं, पण आपण कातडी आहोत की हृदय हेही त्याबरोबर पुसलं गेलं. जिवंत उंदरात ही जनुकं मोकाट चालू ठेवली तर गाठी होतात. म्हणून २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सॉल्क संस्थेत ती आठवड्यातून दोनच दिवस चालू ठेवून बघितली. झपाट्यानं म्हातारे होण्याचा आजार असलेले उंदीर त्यानं सुमारे ३० टक्के जास्त जगले. अर्धवट पुसायचं, ओळख राहील एवढं.

निसर्ग मात्र अर्धवट पुसत नाही. धाकटी झाली तेव्हा मी ३३ चा, तिची आई २९ ची, आणि बाळाचं वय शून्य. थॉम्पसन या द्राक्षाच्या जातीची वेलही अशीच काडीकाडीनं शेकडो वर्षं जगत आलीय. बी नाही, त्यामुळं काडीशिवाय तिला गत्यंतरच नाही. या नकलांत कधी एखादी चूक होते. आमच्याच तासगाव भागात अशाच एका वेगळ्या निघालेल्या वेलीवरून तास-ए-गणेश ही जात निवडली गेली, तिच्यावर अर्ध्या तालुक्याची घरं उभी राहिली. अशीच चूक फुप्फुसातल्या पेशीत झाली आणि माझ्या आईला घेऊन गेली, सात वर्षं झाली. हे असं शेजारी शेजारी लिहून बघितलं. बरं वाटत नाही.

थॉम्पसन जगली, पण कुठलं खोड जगलं नाही. काडीला ओलांडा आठवत नाही. कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं, गारा पडल्या त्या साली कुठल्या वेली तरल्या, हे काडी नेत नाही. ते आण्णांच्या डोक्यात आहे आणि मी ते अजून लिहून घेतलेलं नाही. त्यांना विशीचं करायची गोळी निघाली तरी मी ती घेऊ देणार नाही. गुडघ्याची निघाली तर उद्या रांगेत उभा राहीन.

संध्याकाळी टोळी गेल्यावर उरलेल्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळताना त्यांचा डावा अंगठा दिसला. त्यावर कलमाचीच पट्टी, पोरानं खुंटाला गुंडाळली होती तशीच गच्च आवळलेली. पंधरा दिवसांपूर्वी काडी तासताना कापलं होतं, म्हणाले. धाकटीचं चार दिवसांत भरलं असतं. यांना वय आहे, वर शुगर. पट्टीच्या कडेनं कातडी पांढरी, सुरकुतलेली दिसत होती. मी म्हटलं, आण्णा, दाखवा बघू, उद्या सांगलीत दवाखान्यात जाऊ.

त्यांनी हात मागं घेतला. "खुळा का काय? डोळा फुटल्याबिगर पट्टी सोडत न्हाईत."

उद्या सकाळी आठला गाडी घेऊन जायचं. आधी फोन करायचा नाही, नाहीतर रानात जाऊन बसतील.