साडेनऊशे मणी

परवा आईचा साज गाठवायला कोल्हापुरात गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत गेलतो. दोरा पार कुजलेला. तिथं पायरीवर एक मावशी बसतात, पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून गाठवतात, बोलता बोलता हात चालूच. शेजारी ताटलीत लाल अकीकाचे मणी पडलेले. म्हटलं हे इथलेच का, तर म्हणाल्या, "न्हाई रं बाळा, खंबायतचं हाईत, ह्यो दगूड भट्टीत तापवल्याबिगर असा लाल हुईत न्हाई."

आणि मला एकदम बुर्झहोम आठवलं. श्रीनगरपासून १६ किलोमीटरवर, १९३५ मध्ये सापडलेली नवाश्मयुगीन वस्ती, पुढं साठच्या दशकात मोठं उत्खनन झालं. इसवी सनापूर्वी ३००० च्या आसपास तिथं माणसं जमिनीत खड्डे खणून राहायची, तोंड अरुंद नि तळ रुंद, थंडीच तशी ना. मडकी हातानं वळलेली, बुडाला चटईचे ठसे तसेच उमटलेले. कुत्र्यालापण माणसासारखं पुरायचे (हे मला लई आवडलं). तर अशा गावात पुढच्या काळातल्या थरात चाकावर घडवलेलं एक लाल मडकं निघालं आणि आत ९५० मणी, अकीकाचे! दुसऱ्या एका मडक्यावर शिंगवाला चेहरा रंगवलेला, थेट सिंधूच्या मैदानातल्या कोट दिजी या जुन्या वस्तीची आठवण करून देणारा.

एवढ्यावरच थांबत नाही. तिथली पिकं कापायची दगडी पाती भोकं पाडलेली, तसलीच उत्तर चीनमध्ये आणि स्वात खोऱ्यातपण. गहू-जव पश्चिमेकडून आलेले, आणि चीनमध्ये पहिल्यांदा पिकलेलं एक बारीक भरडधान्य साडेचार हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये पोचलेलं. म्हणजे आपण ज्याला आडबाजूचं खोरं म्हणतो तिथं दोन्हीकडचं बी एकाच मातीत.

आता व्हॉट्सॲपवर लगेच सुरू होतं, चीनमधून लोक आले, अमुक टोळीनं तमुक टोळीला हाकललं वगैरे. मला हे पटत नाही. पातं सापडलं म्हणून ते करणारा माणूस आलाच असं कुठंय, मेंढरं घेऊन उन्हाळ्यात वर चढणारा धनगर दुसऱ्या बाजूच्या धनगराला भेटतो, मीठ देतो, बी घेतो, पुढच्या वर्षी ते बी अजून एक खिंड ओलांडतं, माणूस मात्र आपल्याच घरी. काही जण राहिलेही असतील, लग्नंपण झाली असतील. पण नुसत्या मडक्यावरून अख्ख्या जमातीचं स्थलांतर काढायचं म्हणजे जरा जास्तच.

हवं तर टाऊन हॉल म्युझियममध्ये जाऊन बघा. ब्रह्मपुरीच्या टेकाडात चाळीसच्या दशकात पोसायडनची कांस्यमूर्ती निघाली, ग्रीकांचा समुद्रदेव, लहानसाच. काळ बराच अलीकडचा, पण गोष्ट तीच. कोल्हापुरात समुद्र आहे का? सह्याद्रीचा घाट चढून आला बिचारा, म्हणून पंचगंगेकाठी ग्रीकांची वस्ती होती असं कुणी म्हणेल काय.

मावशींना हे सगळं सांगत बसलो. गाठ मारता मारता म्हणाल्या, "साडेनऊशे मणी मडक्यात घालून ठिवलं म्हंजे इकायचं असतील. अंगावर घालायचं असतं तर ववलं असतं की."

साज शुक्रवारी मिळणार आहे.