आमची वाटचाल: ‘पुराचा माल’

वडिलांची शहाबादी आणि कोटा फरशीची वखार. तिला आम्ही भावांनी टाइल्सची जोड दिली, मोरबीहून ट्रक येऊ लागले, गिऱ्हाईक वाढलं. ती वर्षं सुखाची होती, म्हणून त्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते ऑगस्ट 2019 च्या पुराचं.

2005 च्या पुराच्या पाण्याची खूण धरून सांगलीत ज्याने त्याने सामान वर चढवलं होतं. कृष्णा त्या खुणेच्याही वर गेली. पाणी ओसरल्यावर गोदाम उघडलं, तर टाइल चिकटवायच्या ॲडेसिव्हच्या गोण्यांचे धोंडे झालेले आणि पुठ्ठ्यांचा लगदा. टाइल मात्र जशीच्या तशी. व्हिट्रीफाइड टाइल पाणी पिऊन पिणार किती, अर्ध्या टक्क्याच्या आत! गेलं ते पेटीवरचं लिखाण: शेड नंबर, बॅच, साइज. दोन शेड मिसळल्या की जमीन कशी ठिगळाची दिसते, हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. आम्ही आणि आमच्या मिस्त्रींनी एकेक टाइल धुऊन उन्हात मांडली, रंग डोळ्यांनी लावले, साइज जुळते का ते पाहायला जोडीने उभ्या करून कडा बोटाने चाचपल्या आणि पुन्हा थप्प्या लावल्या.

तेवढ्यात आमच्याच रस्त्यावरच्या एका दुकानदाराने (नाव घेत नाही, त्यांचं त्यांना कळेल) आवई उठवली, “तिकडे पुराचा माल आहे, वर्षात फुगेल.” भट्टीत भाजून निघालेली व्हिट्रीफाइड टाइल फुगते? पण बिल्डरांनी ठरलेल्या ऑर्डरी फिरवल्या. बँकेच्या हप्त्यासाठी टेम्पो विकावा लागला. ते अजून विसरलेलो नाही.

अशात मिरजेच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. आम्ही त्यांना बाईच म्हणतो. स्वयंपाकघराच्या जमिनीसाठी मॅट, म्हणजे बिनचकाकीची टाइल हवी होती. टाइल जमिनीवर ठेवायला लावून त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं आणि चप्पल काढून वर उभ्या राहिल्या. मग हळद-तेलाचं बोट फिरवून फडक्याने पुसलं. फार खरखरीत होती ती बाजूला सारली. त्या खाचांत पीठ नि तेलकटपणा बसतो, हे त्यांना आमच्याइतकंच ठाऊक. गुळगुळीत मॅट, राखाडी, दोन बाय दोन फुटी पसंत केली. मी सूट देऊ केली तर म्हणाल्या, “खोट नाही म्हणता ना, मग भाव कशाला पाडता?”

बाईंच्या घरी काम करताना आमच्या मिस्त्रींच्या पिशवीत लेव्हलचा लेझर होता, तरी लेव्हल त्यांनी पाण्याच्या पाइपनेच काढली. खाचांच्या थापीने ॲडेसिव्ह एका दिशेने ओढलं, पहिली टाइल बसवून लगेच उचलली आणि पाठ पूर्ण भरली का ते पाहिलं. पाच ठिपके ठेवून टाइल चिकटवणारे लोक आजही आहेत. अशा घरात गॅसची टाकी जरा आदळली की कोपरा गेलाच. दुसऱ्या दिवशी काठीने ठोकत जा; बद्द वाजली तर तिथल्या तिथे काढायला लावा, मिस्त्री कितीही कुरकुरला तरी. सांधे दोन मिलिमीटर ठेवा आणि एपॉक्सीने (रेझिनच्या लांबीने) भरा, पांढऱ्या सिमेंटचे हळदीने पिवळे होतात. मात्र मॅटवर एपॉक्सीचा थर ओला असतानाच पुसायचा, वाळला की निघता निघत नाही. आणि ॲसिडने फरशी धुणाऱ्यांनी आमच्याकडे तक्रार आणू नये.

बाईंनी ते स्वयंपाकघर अख्ख्या गल्लीला दाखवलं. तो सगळा ‘पुराचा माल’ पुऱ्या भावाने गेला. आवई उठवणारे गृहस्थ आता ‘किचन स्पेशल मॅट’ अशी पाटी लावून बसलेत. त्यांच्याकडून घ्या हवं तर, फक्त एक पेटी जादा घ्या आणि शेड नंबर बिलावर लिहून मागा.